पेशीच्या दारातली वानगी



आजच्या व्याख्यानाचा विषय कार्यक्रमपत्रिकेत 'विषाणुजन्य कर्करोग आणि पेशीपृष्ठावरील प्रतिजन' असा छापला आहे. हे शब्द जड आहेत, हे मी जाणतो. परंतु त्यांच्या आड जो प्रश्न आहे तो साधा आहे आणि आपल्यापैकी पुष्कळांच्या घराशी त्याचा संबंध आलेला असेल. शरीरात कर्करोगाची पेशी निर्माण झाली, तर ती वाट चुकलेली आहे हे शरीराला ओळखता येते काय? येत असेल, तर कोणत्या खुणेवरून? आणि ती खूण पेशीच्या अंगावरून उतरवून शुद्ध स्वरूपात बाटलीत भरता येईल काय? तसे झाले तर देवीप्रमाणे कर्करोगाचीही लस टोचता येईल, अशी आशा एका पिढीच्या शास्त्रज्ञांनी बाळगली होती. त्या आशेचे पुढे काय झाले, ती कोठे फसली आणि कोठे अनपेक्षितपणे फळाला आली, हे आज मला सांगायचे आहे.

प्रथम अडचण कोठे आहे ती पाहू. देवीचा विषाणू किंवा विषमज्वराचा जंतू बाहेरून येतो. त्याची घडण आपल्या पेशींहून अगदी वेगळी असते आणि म्हणून शरीर त्याला चटकन ओळखते. ज्या पदार्थाला शरीर परका म्हणून ओळखते आणि ज्याच्याविरुद्ध ते उठते, त्याला प्रतिजन म्हणतात. प्रतिजनाविरुद्ध रक्तात जी प्रथिने तयार होतात ती प्रतिपिंडे. याशिवाय रक्तातील पांढऱ्या पेशींची एक पलटण स्वतः जाऊन शत्रूला गाठते व ठार करते. हा सारा बंदोबस्त परक्यासाठी आहे. कर्करोगाची पेशी मात्र परकी नव्हे. ती आपल्याच पेशीच्या पोटी जन्मलेली, आपल्याच रक्तावर पोसलेली, घरचीच भाषा बोलणारी असते. तिच्यात बदल झालेला असतो खरा, पण सगळे घर तसेच राहून एकाच खोलीत बिघाड व्हावा, तसा तो असतो. अशा घरभेद्याला पहारेकऱ्याने ओळखावे कसे?

विसाव्या शतकाच्या आरंभी या प्रश्नाचे उत्तर सापडले असे काही काळ वाटले होते. एका उंदराच्या अंगावरची गाठ दुसऱ्या उंदरात कलम केली की पुष्कळदा ती काही दिवस वाढे आणि मग विरून जाई. इतकेच नव्हे, तर त्या उंदरात तीच गाठ पुन्हा घातली तर ती मुळीच रुजत नसे. शरीर कर्करोगावर मात करू शकते, याचा हा पुरावा आहे असे लोक म्हणू लागले. परंतु पुढे ध्यानात आले, की एका उंदराची निरोगी कातडी दुसऱ्यावर लावली तर तीही अशीच झडून जाते. दुसरा उंदीर गाठ नाकारत होता ती कर्करोगाची म्हणून नव्हे, तर दुसऱ्याच्या अंगची म्हणून. झाले, पुरावा निकालात निघाला आणि विषय मागे पडला.

तो पुन्हा उभा राहिला शुद्ध वंशाच्या उंदरांमुळे. भावाबहिणींचा संकर वीस-वीस पिढ्या करीत गेले, की जुळ्या भावंडांइतके सारखे उंदीर मिळतात. त्यांच्यात एकाची कातडी दुसऱ्याला सुखाने चालते. १९५७ साली अमेरिकेत प्रेन आणि मेन या दोघांनी अशा उंदरांवर प्रयोग केला. मेथिलकोलँथ्रीन नावाच्या कर्कजनक रसायनाने एका उंदरात गाठ निर्माण केली आणि ती त्याच वंशाच्या दुसऱ्या उंदरात वाढवून कापून काढली. त्यानंतर तीच गाठ त्या उंदरात पुन्हा घातली तर ती रुजेना. मात्र मूळ उंदराची कातडी लावली तर ती बिनतक्रार चिकटली. म्हणजे आता नकार होता तो दुसऱ्याच्या अंगाला नव्हे, गाठीलाच होता. कर्कपेशीच्या अंगावर काहीतरी खूण असते, हे या प्रयोगाने सिद्ध झाले.

परंतु या आनंदात एक विरजण होते. रसायनाने झालेल्या प्रत्येक गाठीची खूण निराळी निघाली. तेच रसायन, त्याच वंशाचा उंदीर, इतकेच काय एकाच उंदराच्या अंगावरच्या दोन गाठी. तरी एकीविरुद्ध तयार झालेला उंदीर दुसरीला अडवू शकत नसे. प्रत्येक चोराचा अंगठा वेगळा असेल, तर सर्व चोरांसाठी एक कुलूप कसे बनवणार?

येथे विषाणू आपल्या कथेत प्रवेश करतात. विषाणूंमुळे कर्करोग होऊ शकतो ही गोष्ट जुनीच होती. १९११ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत पेटन राउस यांनी कोंबडीच्या गाठीचा अर्क इतक्या बारीक गाळणीतून गाळला की त्यात एकही पेशी वा जंतू उरू नये, आणि तो अर्क टोचून दुसऱ्या कोंबडीत तशीच गाठ निर्माण केली. कोंबडीचे ते माणसाला काय लागू, असे म्हणून जगाने त्यांच्याकडे पाठ फिरवली. नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले ते १९६६ साली, वयाच्या ८७व्या वर्षी. मधल्या काळात उंदरांत निरनिराळ्या जागी गाठी उत्पन्न करणारा पॉलिओमा हा विषाणू सापडला होता. १९६१ साली स्वीडनमध्ये श्योग्रेन व त्यांचे सहकारी आणि अमेरिकेत कार्ल हेबल यांनी स्वतंत्रपणे दाखवून दिले, की प्रौढ उंदराला हा विषाणू आधी टोचून ठेवला, तर पुढे पॉलिओमाची गाठ त्याच्यात रुजत नाही. कोणतीही एक गाठ नव्हे, त्या विषाणूने केलेली कोणतीही गाठ. शिवाय ज्या गाठीतून विषाणू बाहेर पडणे केव्हाच थांबले आहे तिलाही हे लागू होते. याचा अर्थ असा, की विषाणू निघून गेल्यावरही त्याने बिघडवलेल्या प्रत्येक पेशीवर एकच सामाईक खूण मागे राहते. चोर अनेक, पण सर्वांच्या कपाळी एकच डाग! हे कळताच प्रयोगशाळांत केवढी धांदल उडाली असेल, याची कल्पना करावी.

या धांदलीच्या केंद्रस्थानी आला एक माकडांचा विषाणू, आणि त्याच्याशी आपल्या देशाचा थोडा संबंध आहे. १९५५पासून अमेरिकेत पोलिओची लस मोठ्या प्रमाणावर टोचली जाऊ लागली. ती लस माकडांच्या मूत्रपिंडाच्या पेशींवर तयार करीत आणि त्यासाठी लागणारी ऱ्हीसस माकडे फार मोठ्या संख्येने भारतातून जहाजांनी व विमानांनी जात. (ही निर्यात भारताने १९७८मध्ये बंद केली.) अमेरिकन सरकारच्या प्रयोगशाळेत बर्निस एडी या विदुषींना आढळले, की या मूत्रपिंडाचा अर्क नवजात हॅम्स्टरला टोचला तर त्याला गाठी होतात. १९६० साली स्वीट आणि हिलमन यांनी त्या पेशींतून एक नवा विषाणू वेगळा काढला. माकडांच्या विषाणूंच्या यादीत तो चाळिसावा, म्हणून त्याचे नाव एसव्ही-४०. १९५५ ते १९६३ या काळात टोचलेल्या लशींपैकी काही या विषाणूने दूषित होत्या. त्यामुळे माणसांत कर्करोग वाढला काय, याचा तपास पुढे दीर्घकाळ झाला. २००२ साली अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनच्या समितीने निर्वाळा दिला, की तसा संबंध आहे असे म्हणण्यास किंवा नाही असे म्हणण्यास पुरावा अपुरा आहे. १९६३नंतर लशी या विषाणूपासून मुक्त ठेवण्यात आल्या.

हा विषाणू शास्त्रज्ञांच्या मात्र फार उपयोगी पडला. तो अगदी लहान आहे. त्याचा सारा वारसा अवघ्या ५,२४३ अक्षरांत लिहिलेला असतो आणि त्यातून मूठभर प्रथिनेच तयार होतात. तरीही काचेच्या बशीत वाढणाऱ्या उंदराच्या पेशीला तो गाठला, तर शिस्तीत एकेरी थरात वाढणारी ती पेशी बेफाम होते, एकीवर एक रचून वाढू लागते. अशा बदललेल्या पेशीला रूपांतरित पेशी म्हणतात. १९६३ साली दोन गोष्टी पाठोपाठ उजेडात आल्या. पहिली म्हणजे, एसव्ही-४०च्या गाठी अंगावर असलेल्या हॅम्स्टरच्या रक्तात एका प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे सापडली आणि ते प्रथिन पेशीच्या केंद्रकात, म्हणजे अगदी माजघरात, बसलेले आढळले. त्याला टी-प्रतिजन असे नाव मिळाले. दुसरी गोष्ट म्हणजे, पॉलिओमाप्रमाणेच या विषाणूच्या गाठींविरुद्धही प्राण्याला तयार करता येते, म्हणून पेशीच्या पृष्ठभागावरही एखादी खूण असलीच पाहिजे. कारण मारेकरी पेशी बाहेरून येते. बंद घरातल्या माजघरात काय ठेवले आहे ते तिला दिसणार कसे? तेव्हा माजघरातले टी-प्रतिजन एक आणि अंगणातले कलमविरोधी प्रतिजन दुसरे, असे दोन निराळे पदार्थ मानण्यात आले. पहिला हाती लागला होता. दुसरा शुद्ध करायचा होता.

आता हे काम प्रत्यक्षात कसे चालते ते थोडक्यात सांगतो, कारण त्यातील कष्ट समजल्याशिवाय पुढची गंमत समजणार नाही.

आधी पेशी वाढवायच्या, त्याही अब्जावधी. काचेच्या बाटल्यांत, वासराच्या रक्तद्रवावर त्या पोसायच्या. या ऊतिसंवर्धनाच्या विद्येची आपल्याकडची पहिली प्रयोगशाळा मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात डॉ. कमल रणदिवे यांनी उभारली. उंदरांच्या स्तनांच्या कर्करोगावर आणि त्यास कारण होणाऱ्या विषाणूवर त्यांनी काम केले, हे येथे अभिमानाने सांगितले पाहिजे. पेशी तयार झाल्या की त्या धुवायच्या, फोडायच्या आणि वेगाने गरगर फिरणाऱ्या यंत्रात घालून जड-हलके भाग वेगळे करायचे. ताक घुसळल्यावर लोणी वर यावे, तसा पेशींच्या आवरणाचा भाग वेगळा निघतो. आवरण म्हणजे तेलकट पापुद्रा. त्यात प्रथिने रुतलेली असतात. ती सोडवण्यासाठी कोणी पोटॅशियम क्लोराइडचे तीव्र द्रावण वापरी, कोणी साबणाच्या जातीची द्रव्ये, तर कोणी कच्च्या पपईच्या चिकातले पॅपेन. पपईच्या फोडीने मांस मऊ होते ते याच पॅपेनमुळे. पेशीच्या अंगावरची प्रथिनेही ते छाटून देते. अशा रीतीने मिळालेले पाणी बारीक मण्यांनी भरलेल्या उभ्या नळीतून जाऊ द्यायचे, म्हणजे मोठे रेणू आधी आणि लहान मागाहून बाहेर पडतात. ते ओळीने नळ्यांत झेलायचे.

पण कोणत्या नळीत आपली खूण आली, हे ओळखायचे कशाने? येथे खरी मेख आहे. या खुणेला रंग नाही, वास नाही, तिचे वजन ठाऊक नाही. तिची ओळख एकच : ती टोचलेला उंदीर गाठ रुजू देत नाही. म्हणून प्रत्येक नळीतला अंश काही उंदरांना टोचायचा, वाट पाहायची, मग जिवंत कर्कपेशी टोचायच्या, पुन्हा आठवडेच्या आठवडे थांबायचे आणि किती उंदरांना गाठ आली ते मोजायचे. शुद्धीकरणाच्या प्रत्येक पायरीवर हा सारा सोपस्कार पुन्हा करायचा. तोवर नळीतले प्रथिन नासून जाण्याचा धोका. वासराच्या रक्तद्रवातली प्रथिने पेशीला चिकटून येत आणि त्यांनाच खूण समजण्याचा धोका. काही वेळा अर्क टोचल्याने गाठ अडण्याऐवजी उलट जोमाने वाढे. आणि एवढे करून शुद्धतेची पायरी जसजशी वर चढावी तसतसा गुण कमी होत जाई. कोठल्याच एका नळीत तो एकवटत नसे. थोडा येथे, थोडा तेथे असा सांडत राही. सर्व १९७०चे दशक असे गेले.

आणखी एक गोंधळ होता. कर्कपेशीवर जे नवीन दिसे ते पुष्कळदा नवीन नसून जुनेच असे. १९६३ साली मॉस्कोत आबेलेव्ह यांना यकृताच्या कर्करोगात एक प्रथिन सापडले, ते गर्भाच्या यकृतात असतेच. १९६५ साली माँट्रियलमध्ये गोल्ड आणि फ्रीडमन यांना आतड्याच्या कर्करोगात सापडलेले प्रथिनही गर्भावस्थेतलेच निघाले. कर्कपेशी म्हणजे जणू पोक्त वयात पुन्हा रांगू लागलेली पेशी. या दोन्ही प्रथिनांचा रक्ततपासणीत डॉक्टरांना उपयोग होतो, परंतु शरीराने परके म्हणून उठावे अशी खूण ती नव्हेत.

या धडपडीतून हाती काहीच लागले नाही, असे मात्र कोणी समजू नये. १९७३ साली लंडनमध्ये रिचर्ड हाइन्स यांनी पेशींच्या अंगाला किरणोत्सर्गी आयोडीन लावून, निरोगी आणि रूपांतरित पेशींच्या पृष्ठभागांत फरक काय ते पाहिले. शोध होता तो कर्कपेशीवर काय जास्त आहे याचा. आढळले ते असे, की निरोगी पेशीवर असलेले एक मोठे प्रथिन कर्कपेशीवरून नाहीसे झाले आहे. पेशींना जागच्या जागी धरून ठेवणारे हे प्रथिन पुढे फायब्रोनेक्टिन या नावाने प्रसिद्ध झाले. कर्कपेशी भटकते का, हे समजण्याचा एक धागा त्यातून मिळाला. नंतर १९७९ साली निरनिराळ्या प्रयोगशाळांत, कोणी एसव्ही-४०च्या टी-प्रतिजनाला प्रतिपिंडाने ओढून काढताना, तर कोणी रसायनाने झालेल्या गाठींची खूण शोधताना, एकच पाहुणा वारंवार सोबत येताना दिसला. ५३ हजार वजनाचे हे प्रथिन विषाणूचे नसून पेशीचेच होते. त्याला नाव पडले पी-५३. पेशीच्या वारशात मोडतोड झाली तर तिची वाढ थांबवणारा हा घरचा चौकीदार. विषाणूचे टी-प्रतिजन त्याचेच हातपाय बांधून ठेवते. माणसाच्या सर्व कर्करोगांपैकी सुमारे निम्म्यांत या चौकीदाराचा वारसा बिघडलेला असतो, हे पुढे कळले. खूण शोधायला गेले आणि कर्करोगाच्या मुळाशी असलेले एक कारण गवसले.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. अंगणातली ती खूण कोणती? १९७०च्या दशकाच्या अखेरीस प्रयोगांतून असे दिसू लागले, की माजघरातले टी-प्रतिजनच शुद्ध करून उंदराला टोचले, तरी एसव्ही-४०ची गाठ रुजत नाही! ज्या खुणेसाठी पेशींची आवरणे खरवडून काढली, ती खूण म्हणजे घरात आधीपासून ओळखीचे असलेले प्रथिनच होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असेच झाले. परंतु मग दुसरे कोडे उभे राहिले. आतले प्रथिन बाहेरच्या पहारेकऱ्याला दिसते कसे?

याचे उत्तर कर्करोगाच्या प्रयोगशाळेतून आले नाही. १९७४ साली ऑस्ट्रेलियात झिंकरनागेल आणि डोहर्टी यांना उंदरांतील एका साध्या विषाणूचा अभ्यास करताना आढळले, की मारेकरी पेशी नुसता विषाणू ओळखत नाही. स्वतःच्या वंशाच्या पेशीवरील एका खास प्रथिनासोबत तो दिसला, तरच ती त्याला ओळखते. एकाचे अवयव दुसऱ्याला लावले असता ते नाकारले जातात तेही मुख्यतः याच जातीच्या प्रथिनांमुळे. १९८६ साली ऑक्सफर्डमध्ये अ‍ॅलन टाउनसेंड व सहकाऱ्यांनी दाखवले, की मारेकरी पेशीला संपूर्ण प्रथिन लागतच नाही, त्याचा अगदी छोटा तुकडा पुरतो. आणि १९८७ साली हार्वर्डमध्ये बियॉर्कमन, वायली आणि स्ट्रॉमिंजर यांनी त्या खास प्रथिनाची आकृती काढली, तेव्हा त्याच्या माथ्यावर एक खोबण दिसली आणि त्या खोबणीत काहीतरी बसलेले दिसले.

आपल्या बाजारात धान्याचा व्यापारी काय करतो ते आठवा. पोती आत गुदामात असतात. दाराशी प्रत्येक पोत्यातले मूठभर दाणे तो मांडून ठेवतो. त्याला आपण वानगी म्हणतो. गिऱ्हाईक आत शिरत नाही. वानगी पाहून आतला माल ओळखते. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात, ती हीच. शरीरातली बहुतेक प्रत्येक पेशी असेच करते. आत जी जी प्रथिने तयार होतात त्यांतील काहींचे तुकडे करून, आठ ते दहा कणांचा एकेक तुकडा त्या खोबणीत ठेवून ती दाराशी मांडते. मारेकरी पेशी दारोदार फिरते आणि वानगी पाहत जाते. घरचा माल असेल तर पुढे निघून जाते. परका दाणा दिसला, की घर पाडते. टी-प्रतिजन ७०८ कणांची लांब माळ आहे. त्या माळेतले चार-दोन लहान तुकडे वानगी म्हणून बाहेर येतात, आणि तीच ती खूण.

आता ते दशक वाया का गेल्यासारखे वाटले, हे समजते. शास्त्रज्ञ दारात भरलेले पोते शोधत होते आणि तेथे होते चार दाणे. आवरण फोडले की ते दाणे विखुरत. काही भांड्याला चिकटून एका नळीत जात, काही प्रथिनाच्या मोठ्या तुकड्यांतून दुसऱ्या नळीत. म्हणूनच गुण सर्वत्र सापडे आणि कोठेच एकवटत नसे. प्रयोग खोटे नव्हते. मनात धरलेले चित्र अपुरे होते. याला जोड देणारी एक गोष्ट आहे. हैदराबादच्या सेंटर फॉर सेल्युलर अँड मॉलिक्युलर बायॉलॉजी या संस्थेत या विषयावर काम सुरू केलेले प्रमोद श्रीवास्तव यांनी पुढे अमेरिकेत, १९८६ साली, रसायनजन्य गाठींतून गाठ अडवणारे एक प्रथिन शुद्ध करून दाखवले. त्याची घडण तपासली तर ती निरोगी पेशीतल्या प्रथिनासारखीच! मग गुण कोठून आला? ते प्रथिन होते तुकडे वाहून नेणारे वाढप्याचे भांडे. भांडे सर्वांचे सारखे; प्रत्येक गाठीचा जिन्नस मात्र निराळा. त्या भांड्यापासून माणसासाठी औषधही बनवून पाहिले. रशियात २००८ साली मूत्रपिंडाच्या कर्करोगासाठी त्याला परवानगीही मिळाली. परंतु मोठ्या चाचण्यांत त्याने अपेक्षित यश दिले नाही.

तुम्ही विचाराल, या उंदीर-हॅम्स्टरांच्या गोष्टीतून माणसाला काय मिळाले? दोन गोष्टी सांगतो.

पहिली अशी. २००८ साली पिट्सबर्गमध्ये युआन चांग आणि पॅट्रिक मूर यांना त्वचेच्या एका दुर्मिळ, पण फार घातक कर्करोगात एसव्ही-४०चाच एक नातेवाईक विषाणू सापडला. मर्केल-पेशींचा हा कर्करोग. बहुसंख्य रुग्णांच्या गाठीत हा विषाणू असतो आणि गाठ जगते ती त्याच्या टी-प्रतिजनांच्या जोरावर. म्हणजे येथे दारात परकी वानगी मांडलेली आहेच. मग शरीर गप्प का बसते? कारण वाढलेली गाठ कावेबाज होते. कधी ती वानगी मांडण्याचेच बंद करते, तर कधी मारेकरी पेशीला 'थांब' असा खोटा इशारा देते. हा इशारा तोडणारी औषधे निघाली. त्यांच्या पायाभूत संशोधनासाठी २०१८ साली अ‍ॅलिसन आणि होंजो यांना नोबेल पारितोषिक मिळाले. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या २६ रुग्णांच्या एका चाचणीत मर्केल कर्करोगाच्या निम्म्याहून थोड्या अधिक रुग्णांच्या गाठी या औषधाने आक्रसल्या. ज्या गाठींत विषाणू नव्हता त्यांतल्याही काहींना गुण आला. उन्हाने पेशीच्या वारशात शेकडो बिघाड होतात आणि प्रत्येक बिघाड एखादा परका दाणा पुरवतो. १९५७च्या उंदरांतली ती प्रत्येक गाठीची निराळी खूण, ती हीच.

दुसरी गोष्ट आपल्या अधिक जवळची आहे. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग बहुतांशी मानवी पॅपिलोमा विषाणूमुळे होतो, हे जर्मनीच्या हाराल्ड त्सुर हाउझेन यांनी १९८३पासून दाखवून दिले. २००८ साली त्यांना नोबेल मिळाले. हा विषाणूही तोच घाला घालतो. त्याचे एक प्रथिन पी-५३ या चौकीदाराचा नाश करते. तेव्हा येथेही प्रत्येक गाठीवर सामाईक खूण आहे. परंतु लस काढणाऱ्यांनी वेगळा आणि शहाणा मार्ग धरला. चोर घरात शिरल्यावर त्याच्या खुणेमागे धावण्यापेक्षा, विषाणूच्या बाहेरच्या कवचाचे प्रथिन टोचून त्याला उंबऱ्यावरच अडवावे. २००६ साली अशी लस आली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवलेल्या लशीला २०२२ साली परवानगी मिळाली.

या बाबतीत महाराष्ट्राचे ऋण जगावर आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातील खेड्यांत सुमारे १,३१,००० स्त्रियांची पाहणी झाली. विषाणूची तपासणी आयुष्यात एकदा केली आणि दोष आढळल्यास उपचार केले, तरी या रोगाने होणारे मृत्यू निम्म्यावर येतात, हे त्या पाहणीने २००९ साली जगाला दाखवले. त्याच वर्षी पुणे, बार्शी आणि देशातील इतर केंद्रांत मुलींना ही लस देऊन एक मोठा अभ्यास सुरू झाला. लशीच्या दोन मात्रा पुरतात की तीन लागतात, हे त्यात पाहायचे होते. २०१० साली अन्य कारणांनी तो मध्येच थांबवावा लागला आणि हजारो मुलींना एकच मात्रा मिळाली. त्यांची पाहणी मात्र सोडली नाही. २०२१ साली निष्कर्ष आला, की एका मात्रेनेही विषाणूच्या दोन मुख्य जातींच्या चिवट संसर्गापासून जवळजवळ तितकेच संरक्षण मिळते. पुढच्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने एका मात्रेचा पर्याय मान्य केला. बार्शीसारख्या गावांतल्या त्या मुलींमुळे जगातल्या गरीब देशांचा खर्च हलका झाला.

आता समारोप करतो. आजच्या कथेतून घरी न्यायच्या गोष्टी दोनच आहेत. 'सर्व कर्करोगांवर एक लस' असे कोणी सांगू लागला, तर त्याला विचारा, खूण कोणती? रसायनाने, उन्हाने, तंबाखूने झालेल्या कर्करोगांत प्रत्येक गाठीची वानगी निराळी असते. तेथे एका बाटलीने काम भागत नाही आणि तसे म्हणणारा तुमच्या दुःखाचा व्यापार करीत असतो. जेथे कारण विषाणू आहे तेथे मात्र खूण सामाईक आहे, कारण ठाऊक आहे आणि उंबऱ्यावरचा उपाय हाताशी आहे. तो उपाय वेळेवर, म्हणजे मुलगी वयात येण्याच्या सुमारास, करायचा असतो. मोठ्या स्त्रियांसाठी तपासणी असते, ती लाजेखातर टाळायची नसते. ज्या घरात नऊ-दहा ते चौदा वर्षांची मुलगी आहे, त्या घरातल्या वडीलधाऱ्यांनी आज येथून गेल्यावर आपल्या डॉक्टरांशी एवढी एक गोष्ट बोलावी, इतकीच माझी विनंती आहे.